एचपीचा ताळा दर वेळी का चुकतो, आणि तो कसा लावायचा

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या फाशांवर चालणाऱ्या कथाखेळात आमच्या टेबलावर यंग रेड ड्रॅगनने आग ओकली. मी सहा बाजूंचे सोळा फासे टाकले, बेरीज आली ६२. आमच्या क्लेरिकचा, म्हणजे हिल ड्वार्फ ढोल्याचा, डेक्स्टेरिटी सेव्ह, म्हणजे आग चुकवण्यासाठीचा फासा, हुकला होता. त्यामुळे निम्मं वगैरे काही नाही, पूर्ण ६२. त्याच्याकडे शिल्लक होते ९ हिट पॉइंट (एचपी, म्हणजे मार सोसायची ताकद). आता नियम असा, की शून्यावर आल्यानंतर जे डॅमेज उरतं ते कमाल हिट पॉइंटइतकं किंवा त्याहून जास्त असेल, तर डेथ सेव्ह (जीव वाचवायचा फासा) नाही, काही नाही, माणूस जागच्या जागी खलास. ६२ वजा ९, उरले ५३. आणि ढोल्याच्या कागदावर कमाल हिट पॉइंट लिहिलेले होते ५३.

इतका नेमका आकडा आला की कुणालाच पटेना. मी माझी डीएमची, म्हणजे खेळ चालवणाऱ्याची, वही उघडली, तिच्यात ५१. न्यू जर्सीहून व्हिडिओ कॉलवर खेळणारा आमचा एक मित्र सगळ्यांची कॅरेक्टर्स एका ॲपमध्ये ठेवतो. त्याने स्क्रीन दाखवली, तिथे ५९. म्हणजे दोन हिशेबांत ढोल्या मेला आणि एकात वाचला. तीन तिघाडा, काम बिघाडा. पुढचा पाऊण तास ड्रॅगन आ वासून उभा.

हे आमच्याकडे पहिल्यांदा झालं नव्हतं. लेव्हल वाढली की हेच. कुणी नवा ताईत गळ्यात घातला की हेच. कुणी परीक्षेसाठी दोन महिने गायब होऊन परत आलं की पुन्हा हेच. दर वेळी "मधला आकडा घे रे आणि चल पुढे" म्हणून आम्ही सटकायचो. या वेळी सटकता येईना, कारण एकाच्या दोन वर्षं जपलेल्या कॅरेक्टरचा जीव टांगणीला लागला होता. त्या रात्री वह्या समोर मांडून जे सापडलं ते लिहितो. सगळं डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीचं, २०१४चे नियम धरून. २०२४च्या सुधारित नियमांत जे बदललं ते त्या त्या जागी सांगेन, कारण बराचसा घोळ दोन्ही नियमांची भेळ केल्यानेच होतो.

पाणी कुठे मुरतं

बेरीज कुणालाच येत नाही असं नाही. आमच्या टेबलावर एक सीए आहे, त्याचाही आकडा चुकला होता. मेख ही की आपण एचपीच्या चौकोनात फक्त एकूण लिहितो. लेव्हल वाढली की फासा टाकतो, आलेलं त्यात मिळवतो, जुना आकडा खोडतो, नवा लिहितो. ढोल्याच्या कागदाला त्या चौकोनात खोडून खोडून चक्क भोक पडलंय, मागच्या बाजूने सेलोटेप लावलीय. वाण्याच्या वहीत नुसती मागची बाकी पुढे ओढत राहिलो आणि आधीची पानं फाडून टाकली, तर महिनाअखेर भांडण होणार नाही तर काय? त्या एका आकड्यात तीन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात, आणि त्या तिन्हींचे स्वभाव वेगळे आहेत.

पहिली गोष्ट फासे. एकदा पडले की पडले, आयुष्यभर बदलत नाहीत. दुसरी कॉन्स्टिट्यूशनचा (थोडक्यात कॉन, म्हणजे काटकपणाचा) मॉडिफायर, म्हणजे स्कोअरवरून निघणारी भर. तो बदलला की आजवरच्या प्रत्येक लेव्हलला लागू होतो, मागच्यांसकट. तिसरी गोष्ट वंशाचं, फीटचं (खास कौशल्याचं) किंवा सबक्लासचं (क्लास म्हणजे पेशा, त्याच्या उपशाखेचं) जे दर लेव्हलला काही जादा मिळतं ते. हे तिन्ही वेगळे ठेवले की सूत्र अगदी साधं आहे:

कमाल एचपी = फाशांची बेरीज + (कॉन मॉडिफायर × एकूण लेव्हल) + दर लेव्हलचे जादा

लेव्हल वाढली की जुन्या आकड्यात मिळवायचं नाही. फाशांच्या यादीत एक फासा वाढवायचा आणि सगळं पहिल्यापासून करायचं. अर्धं मिनिट लागतं.

फाशांबद्दलही नीट सांगतो, नव्यांसाठी. पहिल्या लेव्हलला फासा टाकायचा नसतो, त्याची कमाल किंमत मिळते. बार्बेरियनला १२, फायटर, पॅलाडिन, रेंजरला १०, विझर्ड, सॉर्सररला ६, बाकी बहुतेकांना ८. पुढच्या प्रत्येक लेव्हलला एक तर तो फासा टाका, नाही तर ठरावीक आकडा घ्या: डी६ला (सहा बाजूंच्या फाशाला) ४, डी८ला ५, डी१०ला ६, डी१२ला ७. कॉन मॉडिफायर काढायचा तर स्कोअरमधून १० वजा करून निम्मं करायचं आणि अपूर्णांक खाली ओढायचा. १४ असो की १५, मॉडिफायर +२च. १६ झाले की +३. ९ला मात्र उणे १, शून्य नव्हे. मॉडिफायर उणे असेल आणि फासा १ पडला, तरी लेव्हलमागे निदान १ एचपी मिळतोच.

ढोल्याचा पंचनामा

ढोल्या सहाव्या लेव्हलचा आहे. सुरुवात फायटर म्हणून केली, का तर जड चिलखत हवं होतं. मग देवधर्माला लागला, म्हणजे फायटर १, क्लेरिक ५. सुरुवातीला कॉन १५, मॉडिफायर +२. क्लेरिकच्या चौथ्या लेव्हलला ॲबिलिटी स्कोअर वाढवायची संधी मिळाली तेव्हा त्याने कॉनला १ दिला, झाले १६, मॉडिफायर +३. इथे एक गोष्ट गाठीला बांधून ठेवा: ती संधी क्लासच्या चौथ्या लेव्हलला मिळते, कॅरेक्टरच्या नव्हे. ढोल्याची क्लेरिक ४ म्हणजे एकूण पाचवी लेव्हल. आमच्याकडे दोघांनी ती एक लेव्हल आधीच घेऊन टाकली होती.

फासे कुठे लिहिलेले नव्हते. पण आमचा एक गडी सेशनचं सगळं मेसेजच्या ग्रुपवर टाकत असतो ("आज ढोल्याला परत २ पडला 😂" असं), तिथून खोदून काढले:

लेव्हल १, फायटर: १० (कमाल)
लेव्हल २, क्लेरिक: ३
लेव्हल ३, क्लेरिक: ७
लेव्हल ४, क्लेरिक: ५ (ठरावीक घेतला)
लेव्हल ५, क्लेरिक: २
लेव्हल ६, क्लेरिक: ६

फाशांची बेरीज ३३. कॉन ३ गुणिले ६, म्हणजे १८. हिल ड्वार्फला दर लेव्हलला १ जादा, म्हणजे ६. एकूण ५७.

कागदावर ५३, वहीत ५१, ॲपमध्ये ५९. तिघंही चूक. खरा आकडा चौथाच.

मग प्रत्येकाची चूक शोधली, आणि इथे मला खरी गंमत वाटली. कागदाचा फरक ४. ढोल्याने पाचव्या लेव्हलला कॉन वाढवला तेव्हा त्या लेव्हलपासून ३ मिळवायला सुरुवात केली, पण आधीच्या चार लेव्हलना जे २-२ मिळाले होते ते तसेच राहिले. चार लेव्हल, चार पॉइंट. माझ्या वहीचा फरक ६. मी ड्वार्फपणच विसरलो होतो. माझा तक्ता माणसासाठी आखलेला, त्यात जादाचा रकानाच नाही. सहा लेव्हल, सहा पॉइंट. ॲप २ने जास्त. तिथे सेटिंग ठरावीक आकड्यांवर होतं, त्याने पाच वेळा ५ धरून २५ केले, आणि ढोल्याला प्रत्यक्षात २३च मिळाले होते. ॲपचं गणित शंभर टक्के बरोबर, फक्त ते दुसऱ्याच कुणा ढोल्याचं होतं.

ड्रॅगनचं काय झालं ते सांगून टाकतो. कमाल ५७, आणि हा आकडा आधीपासून चारने कमी धरला होता म्हणजे उरलेले ९ही खरे नव्हेत. पूर्ण ५३वरून ९वर आला याचा अर्थ ४४ डॅमेज लागलं होतं. ५७मधून ४४ गेले, उरले १३. ६२मधून १३ गेले, जादा राहिले ४९, आणि ४९ काही ५७ होत नाहीत. ढोल्या बेशुद्ध पडला, मेला नाही. पुढच्या टर्नला रेंजरने त्याच्या तोंडात पोशन ओतलं.

फरकावरून रोग ओळखा

तेव्हापासून दोन आकडे जुळले नाहीत की मी आधी वजाबाकी करतो. फरकच बहुतेक वेळा सांगून टाकतो की पाणी कुठे मुरतंय.

फरक नेमका लेव्हलइतका आला, तर मॉडिफायर एकाने चुकलाय किंवा दर लेव्हलचा एक जादा राहिलाय. लेव्हलच्या दुप्पट आला तर टफ नावाचं फीट आठवा, ते लेव्हलमागे २ देतं आणि घेतल्या क्षणी मागच्या लेव्हलचंही देतं. फरक लेव्हलपेक्षा कमी पण लहानसा पूर्ण आकडा, जसा ढोल्याचा ४, तर तितक्या लेव्हलपर्यंत जुना कॉन चालू राहिलाय. हा आमच्याकडचा सगळ्यात जास्त वेळा सापडलेला रोग. कॉन मागच्या लेव्हलनाही लागतो हे वाचून सगळ्यांना माहीत असतं, पण हात आपोआप फक्त नव्या लेव्हलला मिळवतो.

सॉर्सररमध्ये ड्रॅकोनिक वंशाचा असेल तर तोही दर लेव्हलला १ जादा घेतो, पण फक्त सॉर्सररच्या लेव्हलना. सॉर्सरर ३, वॉरलॉक ४ असलेल्याला ३ मिळतात, ७ नव्हे. २०२४च्या नियमांत हा प्रकार तिसऱ्या लेव्हलला सुरू होतो आणि तेव्हा एकदम ३ मिळतात, म्हणजे शेवटी आकडा तोच, पण पहिल्या-दुसऱ्या लेव्हलला एकाच टेबलावर दोघांचं भांडण होऊ शकतं. ड्वार्फांचंही तसंच: २०१४मध्ये हा जादा पॉइंट फक्त हिल ड्वार्फला, २०२४मध्ये सगळ्याच ड्वार्फांना.

आता एक चूक जी विशेषतः डीएमच करतात, आणि मी वर्षभर केली. राक्षसांचे हिट पॉइंट आपण पुस्तकातून बघतो. ओग्र घ्या: ७डी१०+२१, सरासरी ५९. कसे? डी१०ची सरासरी ५.५, सात फाशांची ३८.५, त्यात २१ मिळवले की ५९.५, आणि अर्धा खाली सोडून दिला. हे इतक्यांदा बघितलं की डोक्यात बसलं, सरासरी खाली ओढायची. मग खेळाडूंच्या डी८लाही मी ४ धरायला लागलो, ४.५ खाली ओढून. खेळाडूंचा ठरावीक आकडा मात्र वर ओढलेला असतो, निम्मे अधिक एक, म्हणजे ५. या चुकीचा फरक लेव्हलपेक्षा एकने कमी येतो, कारण पहिल्या लेव्हलला कमालच असते. सहाव्या लेव्हलच्या रोगला (आजार नव्हे, Rogue नावाच्या क्लासच्या गड्याला) मी दीड महिना पाच पॉइंटांनी लुबाडलं. त्याने माफ केलं, पण चहा मलाच पाजायला लावला.

मल्टिक्लासवाल्यांनी, म्हणजे एकाहून जास्त क्लास घेणाऱ्यांनी, आणखी एक जागा तपासा. कमाल फासा आयुष्यात एकदाच, कॅरेक्टरच्या पहिल्या लेव्हलला. दुसऱ्या क्लासची पहिली लेव्हल ही तुमची पहिली लेव्हल नसते. ढोल्याने क्लेरिकच्या पहिल्या लेव्हलला ३ऐवजी ८ लिहिले असते, तर ५ जास्त झाले असते. आणि गंमत बघा, त्याच कागदावर कॉनचे ४ कमी होतेच. दोन्ही मिळून एकूण आला असता ५८. खऱ्या आकड्यापासून फक्त एकाने दूर! मी म्हटलं असतं, जाऊ दे रे, एखादा फासा इकडेतिकडे. म्हणून फरक छोटा आहे यावर विसंबून सोडून देऊ नका, दोन चुका एकमेकींना पांघरूण घालतात.

याच कारणाने क्लासचा क्रमही लिहून ठेवा. फायटर आधी आणि मग विझर्ड, तर ठरावीक आकड्यांनी १० आणि ४, म्हणजे १४. विझर्ड आधी आणि मग फायटर, तर ६ आणि ६, म्हणजे १२. दोन्ही कागदांवर "फायटर १, विझर्ड १" एवढंच लिहिलेलं असतं.

नव्वदच्या दशकातला पाहुणा

आमच्या गटात एक काका आहेत. नव्वदच्या दशकात अमेरिकेत शिकायला होते, तिथे दुसरी आवृत्ती खेळले. ते ठामपणे सांगायचे की कॉनचे दोनहून जास्त पॉइंट फक्त लढवय्यांना मिळतात, बाकीच्यांनी +२वर गप्प बसायचं. आणि नवव्या-दहाव्या लेव्हलनंतर फासा टाकायचाच नाही, ठरावीक एक, दोन किंवा तीन घ्यायचे. आम्ही पोरांनी आधी त्यांची टर उडवली. मग बघितलं तर काकांचं बरोबर होतं, फक्त वीस-पंचवीस वर्षं जुनं होतं. त्या आवृत्तीत खरंच तसं होतं. २०००मध्ये तिसरी आवृत्ती आली तेव्हा हे गेलं. अगदी पहिल्या, १९७४च्या खेळात तर सगळ्यांचे हिट डाइस, म्हणजे एचपीचे फासे, सहा बाजूंचेच होते; क्लासप्रमाणे वेगळे फासे पुढच्या वर्षी आले. मुळात हिट पॉइंट ही कल्पनाच डेव्ह अर्नेसनने जहाजांच्या युद्धखेळातून उचलली होती, म्हणजे ढोल्याचे ५७ हे रक्तमांसाचे नसून एखाद्या गलबताच्या फळ्यांसारखे आहेत. हे ऐकल्यापासून ढोल्या स्वतःला "आरमार" म्हणवतो.

सांगायचा मुद्दा, कुणी अगदी छातीठोकपणे वेगळा नियम सांगत असेल तर तो थापा मारतोय असं धरू नका. कुठल्या आवृत्तीतलं आहे ते विचारा. बहुतेक वेळा तिथेच उलगडा होतो.

येणारे-जाणारे पॉइंट

इथवर कमाल एचपीचं झालं. पण टेबलावरची निम्मी भांडणं अशा पॉइंटांवरून होतात जे आज आहेत आणि उद्या नाहीत. यांच्यासाठी माझा नियम एकच: कमाल एचपीच्या चौकोनाला पेन्सिल लावायची नाही. शेजारी "आजचं कमाल" म्हणून दुसरा चौकोन काढायचा.

टेम्पररी हिट पॉइंट सगळ्यात सोपे आणि तरी सगळे चुकतात. ते उशीसारखे असतात, मार आधी त्यांना बसतो. दोन ठिकाणचे आले तर बेरीज करायची नाही, एक निवडायचा. फॉल्स लाइफ या मंत्राचे ७ असताना कुणी ५ देऊ केले तर "नको, माझे ७च बरे" म्हणायचं. बरं करणाऱ्या मंत्राने ते भरून येत नाहीत. शून्यावर बेशुद्ध पडलेल्याला टेम्पररी पॉइंट दिले तर तो उठत नाही, नुसता उशी घेऊन पडून राहतो. यांना स्वतंत्र चौकोन द्या, बाकी सगळं सरळ होतं.

एड हा मंत्र मात्र टेम्पररी नव्हे. तो तिघांचं कमालही ५ने वाढवतो आणि चालू आकडाही, आठ तासांसाठी, आणि वरचा स्लॉट वापरला तर आणखी ५-५. म्हणून तो टेम्पररी पॉइंटांबरोबर सुखाने नांदतो.

उलट्या बाजूला रेथ नावाचं भूत. त्याच्या लाइफ ड्रेनने कॉन सेव्ह हुकला तर जितकं डॅमेज तितकं कमालही घटतं, लाँग रेस्ट (रात्रभराची विश्रांती) होईपर्यंत. आमच्या रेंजरला एका थडग्यात तसा फटका बसला, तिने भोळेपणाने कमालचा आकडाच खोडून कमी केला, आणि त्या रात्री सगळे झोपले. खेळात झोपले, आणि घरी जाऊनही झोपले. पुढच्या सेशनला कुणाला आठवणार? दोन महिने ती बिचारी अर्ध्या तब्येतीने लढली. हा फरक कुठल्याच साच्यात बसत नाही, ना लेव्हलच्या पटीत ना पाचच्या, म्हणून तो शोधायला सगळ्यात अवघड गेला. दमणुकीचंही तसंच आहे: २०१४मध्ये चौथ्या पायरीला कमाल निम्मं होतं. २०२४मध्ये ते काढूनच टाकलंय, तेव्हा कुठलं पुस्तक समोर आहे ते बघा.

ताइताचं प्रकरण वेगळं. अम्युलेट ऑफ हेल्थ कॉन थेट १९ करतो. ढोल्याच्या गळ्यात घातला तर मॉडिफायर ३चा ४ होईल, सहा लेव्हल, सहा पॉइंट, कमाल ६३. काढला की परत ५७. वही वेगळी ठेवली असेल तर फक्त एक आकडा बदलतो. आणि ॲपमध्ये ताईत दिसतोय पण एचपी वाढत नाहीत अशी तक्रार असेल, तर आधी ॲट्यून केल्याची (वस्तू कॅरेक्टरशी जोडल्याची) खूण आहे का बघा. आमचा न्यू जर्सीवाला यासाठी एकदा ॲप काढून परत टाकून बसला होता.

मार मोजताना एक क्रम लक्षात ठेवा. रेझिस्टन्स (त्या प्रकारच्या माराला प्रतिकार) असेल तर आधी डॅमेज निम्मं करायचं, अपूर्णांक खाली, आणि मग ते टेम्पररी पॉइंटांतून वळतं करायचं. रेज (संताप, ज्यात असा रेझिस्टन्स मिळतो) चढलेल्या बार्बेरियनकडे ५ टेम्पररी आहेत आणि २१चा तलवारीचा वार बसला: २१चे झाले १०, पाच उशीने खाल्ले, अंगावर ५. उलट क्रमाने केलं तर ८ निघतात, आणि तीन पॉइंटांसाठी बार्बेरियन टेबल उलटवतो.

"उरले किती" ऐवजी "लागलं किती"

ढोल्या वाचला तो खरं तर ४४ या आकड्यामुळे. कमाल चुकलं तरी लागलेलं डॅमेज खरंच होतं. म्हणून आता आम्ही सगळे उरलेले पॉइंट लिहीतच नाही, लागलेलं डॅमेज लिहितो, दुधाच्या हिशेबासारख्या उभ्या रेघेत. ९, १४, ६, १५. बरं झालं की तेवढं वजा, पण शून्याच्या खाली नाही. बेरीज करणं वजाबाकीपेक्षा सोपं, आणि कमाल मागाहून दुरुस्त झालं तरी इतिहास तसाच राहतो.

यात एक खोच आहे, ती सांगितली नाही तर सीए मला सोडणार नाही. एड संपताना हा जुगाड फसतो. समजा ढोल्याचं कमाल एडने ६२ झालं आणि १० डॅमेज लागलं, उरले ५२. आठ तास संपले, कमाल परत ५७. नियमाने चालू आकडा तेव्हाच खाली येतो जेव्हा तो नव्या कमालच्या वर असेल. ५२ काही ५७च्या वर नाही, तो ५२च राहतो. पण आमच्या रेघेच्या हिशेबाने ५७मधून १० गेले, ४७. पाच पॉइंट फुकट गेले! म्हणून असा तात्पुरता वाढीव आकडा उतरताना एकदा थांबून उरलेले काढायचे आणि त्यावरून लागलेलं नव्याने लिहायचं: ५२ उरले, म्हणजे ५ लागलेले. रेथने घटवलेलं कमाल परत येतानाही अशीच एक ठेच लागू शकते, पण लाँग रेस्टने सगळंच भरून येत असल्यामुळे तिथे प्रश्न मिटतो.

लेव्हल वाढताना चालू आकड्याचं काय हा वाद आमच्याकडे होत नाही, कारण आमच्याकडे लेव्हल फक्त लाँग रेस्टनंतर वाढते. तुमच्याकडे लढाईच्या मध्ये वाढत असेल तर देवच तुमचं भलं करो. शॉर्ट रेस्टला (छोट्या विश्रांतीला) बरं होण्यासाठी हिट डाइस खर्च करताना प्रत्येक फाशाला कॉन मिळवायचा, ड्वार्फचा जादा पॉइंट मात्र नाही. ढोल्याकडे एक डी१० आणि पाच डी८ आहेत, सहाही डी१० नाहीत. आणि लाँग रेस्टला २०१४मध्ये एकूण फाशांच्या निम्मे परत येतात, २०२४मध्ये सगळे.

जुने फासे हरवले असतील तर

सगळ्यांकडे ढोल्यासारखे मेसेज सापडत नाहीत. तेव्हा उलटा हिशेब करा: एकूणातून कॉनचे वजा करा, जादाचे वजा करा, पहिल्या लेव्हलची कमाल वजा करा. जे उरेल ते बाकीच्या फाशांचं. ते शक्यतेच्या आत बसतं का बघा, बसलं तर खेळाडूवर विश्वास ठेवून यादीत वाटून टाका.

आमच्या रेंजरचं असं केलं. सहावी लेव्हल, कॉन १४, एकूण ५२. कॉनचे १२ गेले, ४०. पहिल्या लेव्हलचे १० गेले, ३०. पाच डी१०वर ३० म्हणजे दर वेळी ६, ठरावीक आकडाच. ती म्हणाली, "मी कुठे फासा टाकते, माझं नशीब माहितेय मला." झालं.

मग आला रोग क्लासचा दुसरा गडी, जो मधूनच गटात सामील झाला होता. पाचवी लेव्हल, कॉन १२, एकूण ४६. कॉनचे ५ गेले, ४१. पहिल्या लेव्हलचे ८ गेले, ३३. आणि चार डी८वर जास्तीत जास्त ३२च पडू शकतात. टेबलावर शांतता. तो शपथा घ्यायला लागला, आईची, कुलदैवताची. मी वजाबाकीकडे बघत बसलो आणि मग विचारलं, "ढोल्याने तुझ्यावर एड कधी टाकला होता?" टाकला होता, त्याच्या पहिल्याच सेशनला, गटारातल्या लढाईत. त्याने ते ५ कमालमध्ये मिळवले आणि आठ तासांनी कुणी काढलेच नाहीत. पाच महिने तो मंत्र चालू होता.

आता त्याच्या वहीत ४१ आहेत, म्हणजे चार फाशांवर २८. शक्यतेच्या आत बसतं, म्हणून नियमाप्रमाणे मी लिहून घेतलं. चारही वेळा सरासरी ७ पडले यावर टेबलावरच्या एकाचाही विश्वास नाही, आणि पुढच्या लेव्हलला तो फासा माझ्या डोळ्यांदेखत, डब्याच्या झाकणात टाकणार आहे.